चाळिशीच्या तोंडावर एफएएचं थर्ड क्लास मेडिकल: खर्च किती आणि चालतं किती दिवस?

चादरवाला

नमस्कार मंडळी. सोलापुरात बसून अमेरिकेतल्या मेडिकलबद्दल विचारतोय, म्हणून सगळी माहिती एकदमच देतो.

येत्या १८ मार्चला चाळीस पूर्ण होतात. भाऊ डॅलसजवळ असतो. तिथल्या फ्लाइंग स्कूलचं आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं पत्र, आलंय, एम-१ व्हिसाचं काम चालू आहे, मे महिन्यात जायचं ठरतंय. हौसेपुरतं प्रायव्हेट पायलट लायसन्स काढायचं आहे, नोकरी-बिकरी काही नाही. त्यासाठी एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं, थर्ड क्लास मेडिकल सर्टिफिकेट लागतं. शाळावाले म्हणतात, मेडिकल इथं येऊन केलं तरी चालेल.

तब्येतीचं म्हणाल तर बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० ची रोज एक गोळी, चष्मा उणे अडीच, २०१६ साली मूतखडा होऊन पडून गेला. धुळीनं शिंका सुरू झाल्या की सेटिरिझिन घेतो. साखर नाही.

विचारायचं असं की खर्च किती येतो? एकदा केलं की किती दिवस चालतं? भारतात करून जाता येतं का? आणि परत आल्यावर तेच सर्टिफिकेट बारामतीला फ्लाइंग क्लबात दाखवलं तर चालेल का? नेटवर कुणी पाच वर्षं म्हणतो, कुणी दोन, कुणी एक. डोकं चक्रावलंय.

टेक्सासकर

मालक, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महाग गोष्ट १८ मार्च ही तारीख आहे, ती आधी घेऊ.

थर्ड क्लासचा नियम असा. तपासणीच्या दिवशी वय चाळीसच्या आत असेल तर ६० महिने, चाळीस पूर्ण असतील तर २४ महिने. बघायचं ते फक्त तपासणीच्या दिवसाचं वय. ऐन वाढदिवसाला तपासणी केलीत तरी तुम्ही चाळीसचेच धरले जाता. दुसरं म्हणजे हे महिने तपासणीच्या तारखेपासून मोजत नाहीत, ज्या महिन्यात तपासणी झाली तो महिना सोडून पुढच्या महिन्यापासून शेवटच्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत मोजतात.

आकड्यात सांगतो. ५ फेब्रुवारी २०२६ ला तपासणी झाली तर सर्टिफिकेट २८ फेब्रुवारी २०३१ पर्यंत. तीच २० मार्च २०२६ ला झाली तर ३१ मार्च २०२८ ला संपलं. मे महिन्यात डॅलसला जाऊन केलंत तर ३१ मे २०२८. म्हणजे सहा-सात आठवड्यांच्या फरकानं जवळजवळ तीन वर्षं हातची जातात.

जे एक वर्ष म्हणतात ते फर्स्ट क्लासचं सांगत असतात. विमान कंपनीत कॅप्टन म्हणून बसायचं असेल तर लागतं ते, चाळिशीच्या आत १२ महिने आणि पुढं ६. तुम्हाला त्याची गरज नाही. शिवाय वय ३५ च्या पुढं असल्यामुळं फर्स्ट क्लासला ईसीजी काढावा लागेल आणि पैसे वाढतील. थर्ड क्लासला ईसीजी नाही, रक्त नाही, एक्स-रे नाही. लघवीत साखर आणि प्रथिनं तेवढी बघतात.

खर्च. एफएए स्वतः एक पैसा घेत नाही आणि फीही ठरवून देत नाही. तपासणारा डॉक्टर, म्हणजे एएमई, आपली फी आपण ठरवतो. अमेरिकेत थर्ड क्लासला साधारण १०० ते २०० डॉलर, मोठ्या शहरात त्याच्याही वर. एकाच गावात दोन डॉक्टरांत पन्नास-साठ डॉलरचा फरक सहज दिसतो, त्यामुळं तीन-चार ठिकाणी फोन करून विचारायला लाजू नका. आरोग्य विमा हे पैसे देत नाही. फोनवर एवढंच विचारा: ‘थर्ड क्लास, पहिल्यांदा, बीपीची एक गोळी चालू, एकूण किती?’ कारण काही ठिकाणी जास्तीचे कागद तपासायचे वेगळे पैसे लावतात.

भारतात करता येतं. एफएएनं नेमलेले एएमई अमेरिकेबाहेरही आहेत. एफएएच्या साइटवर एएमई शोधायच्या पानावर देश निवडला की यादी येते. सोलापुरात कुणी नाही, मुंबई गाठावी लागेल.

भाकरतुकडा

पण चाळीस झाले की आधीचं साठवालं आपोआप चोवीसवर येतं ना? मी तरी असंच ऐकलंय.

टेक्सासकर

नाही येत. ३९ व्या वर्षी काढलेलं सर्टिफिकेट त्याचे साठच्या साठ महिने चालतं. मधे चाळीस झाले, बेचाळीस झाले, काही फरक पडत नाही. सर्टिफिकेटवर संपायची तारीख छापलेली नसते, तपासणीची तारीख आणि क्लास असतो, म्हणून लोकांचा घोळ होतो. गणित आपलं आपणच करायचं.

दक्षिण_कसबा

तारखेचं झालं. आता मी उलटी बाजू मांडतो, कारण मार्चच्या आत उरकायच्या नादात लोक कागद न जमवताच डॉक्टरच्या दारात जाऊन उभे राहतात.

या मेडिकलमध्ये तीनच निकाल लागतात. डॉक्टर तिथल्या तिथं सर्टिफिकेट देतो, नाहीतर प्रकरण ओक्लाहोमा सिटीला एफएएकडं पाठवतो, नाहीतर नाकारतो. वर पाठवलं की महिनोन्‌महिने जातात. तुमच्या बाबतीत नाकारण्यासारखं काही दिसत नाही, वर जायचं कारणही नाही, पण एक कागद कमी पडला तर जाऊ शकतं.

फॉर्म मेडएक्सप्रेस नावाच्या साइटवर भरायचा. भरून पाठवला की एक नंबर मिळतो. तो डॉक्टरला दिला की त्यांच्या संगणकावर तुमचा फॉर्म उघडतो. ६० दिवसांत कुणी उघडला नाही तर फॉर्म पुसला जातो आणि परत पहिल्यापासून भरावा लागतो. म्हणून आधी अपॉइंटमेंट, मग फॉर्म.

आणि ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. डॉक्टरनं तुमचा फॉर्म उघडून आत घेतला की तपासणी अधिकृतपणे सुरू झाली. तिथून ‘राहू द्या, नंतर येतो’ म्हणता येत नाही, काहीतरी निकाल नोंदवावाच लागतो. म्हणून काही शंका असेल तर नंबर हातात न देता आधी नुसता सल्ला मागायचा. बरेच एएमई त्याचे थोडे पैसे घेतात. ते द्यावेत, स्वस्तच पडतं.

आता फॉर्म. अठरा नंबरच्या प्रश्नात आजारांची यादी आहे आणि प्रश्न ‘आयुष्यात कधीही’ असा विचारलाय. हल्लीचं नाही, कधीही. तुमचे तीन ‘होय’ तिथंच आले: १८-ई ॲलर्जीला, १८-एच रक्तदाबाला, १८-जे मूतखड्याला. खड्यासाठी दवाखान्यात ॲडमिट झाला असाल तर १८-यू लाही ‘होय’. शाळेत असताना उन्हात प्रार्थनेला उभं राहून चक्कर येऊन पडला असाल तर तेही १८-बी मध्ये येतं. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात हे कुणाचं झालेलं नसतं म्हणा! त्यात घाबरण्यासारखं काही नाही, का झालं ते एका ओळीत लिहायचं. कारण न सांगता येणारी बेशुद्धी हीच त्यांना नको असते.

सतरा नंबरला चालू औषधं लिहायची. डॉक्टरच्या चिठ्ठीची, दुकानातून आणलेली, सगळी. आयुर्वेदिक काढा रोज घेत असाल तर तोही. एकोणीस नंबरला मागच्या तीन वर्षांत कुठल्या डॉक्टरकडं गेलात ते. दाताची आणि चष्म्याची नेहमीची तपासणी त्यात नाही लिहिली तरी चालते.

खोटं लिहायचा मोह टाळा. फॉर्मखालीच लिहिलंय, जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. ‘सोलापूरचा खडा ओक्लाहोमाला कोण बघायला येतोय’ असं म्हणणारे मित्र प्रत्येकाला असतात. त्यांचं ऐकू नका.

चादरवाला

अण्णा, कागद नेमके कुठले न्यायचे ते सांगा. आणि बीपी त्या दिवशी चढलं तर काय होतं? दवाखान्यात पाऊल टाकलं की माझं दहा-पंधरानं वाढतंच.

दक्षिण_कसबा

बीपीची मर्यादा १५५/९५, बसून घेतलेलं. म्हणजे तशी सैल आहे. बीपी हा एफएएच्या अशा आजारांपैकी आहे, ज्यात ठरलेले कागद समोर असले की एएमई स्वतःच सर्टिफिकेट देऊ शकतो. त्यासाठी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र घ्या. लेटरहेडवर, इंग्रजीत, ताज्या तारखेचं. त्यात आजाराचं नाव, औषध आणि डोस, बीपी काबूत आहे, औषधाचा त्रास काही नाही, औषध बदलायचा विचार नाही, एवढं यायला हवं. चार ओळींचं पत्र आहे, पण त्यात ‘स्टेबल’ हा शब्द नसेल तर एएमई अडतो. आपल्याकडचे डॉक्टर ‘पेशंट ऑन टी. टेल्मा ४० ओडी’ एवढंच लिहून सही ठोकतात. ते पुरत नाही. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, वाचून सही करतील.

टेल्मिसार्टन चालतं. क्लोनिडीन, मिथाइलडोपा, रेसर्पिन ही जुनी औषधं चालत नाहीत. तपासणीच्या तोंडावर डोस कमी-जास्त करू नका. औषध बदलून लगेच गेलं की ‘अजून स्थिर नाही’ असं होतं.

मूतखड्यासाठी २०१६ चा डिस्चार्ज पेपर असेल तर तो, आणि त्याहून महत्त्वाची म्हणजे आताची सोनोग्राफी. खडा शिल्लक नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. खडा बसलेला असेल तरी वाट बंद होत नाही, पण मग किडनीच्या डॉक्टरांचं वेगळं पत्र लागतं, कारण विमान चालवताना कळ आली तर काय, हा त्यांचा मुद्दा असतो. सोनोग्राफी इथंच करून घ्या आणि रिपोर्ट पाहूनच मुंबईची अपॉइंटमेंट घ्या.

बीपी चढलं तर डॉक्टर थोडा वेळ बसवून परत घेतात. तरीही उतरलं नाही तर वेगवेगळ्या दिवशीची मापं मागवतात. निर्णय द्यायला एएमईकडं १४ दिवस असतात, त्यामुळं एका मापानं काही बिघडत नाही. पण तुम्ही सोलापूरहून जाणार, रोज रोज मुंबईला कसे जाल? तेव्हा सिद्धेश्वरनं रात्री निघून सकाळी सीएसएमटीला उतरून, स्टेशनवरचा चहा मारून थेट दवाखाना, हे करू नका. झोप नाही, पोटात कडक चहा, वर लोकलची गर्दी. याच्यात तरण्या पोराचंही बीपी चढेल. आदल्या दिवशी वंदे भारतनं जा, रात्री झोपा, सकाळची गोळी नेहमीच्या वेळेला घ्या. बीपीची गोळी उपाशीपोटी म्हणून टाळणारे लोक असतात. इथं उपाशी राहायची गरजच नाही. फक्त जाताना गोड हाणून जाऊ नका, लघवीत साखर दिसली की नसता प्रश्न उभा राहतो.

विमानवेडी

दोन-तीन गोष्टी कुणी बोललं नाही, त्या मी लिहिते. दादा, पैसे याच्यातच वाया जातात.

पहिलं नाव. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं आणि आडनाव वेगळं. मेडएक्सप्रेसवर मधलं नाव वेगळ्या रकान्यात विचारतात. पुढं स्टुडंट पायलट सर्टिफिकेटसाठी एफएएच्या आयएसीआरए या साइटवर फॉर्म भराल, परदेशी विद्यार्थ्यांची टीएसएकडची, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याकडची, तपासणी होईल, तिथंही नाव लागेल. तिन्हीकडं एकसारखं हवं. एकीकडं वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडं नुसतं अक्षर, तिसरीकडं गायब, असं झालं की परीक्षक प्रॅक्टिकलच्या दिवशी कागद जुळवताना अडतो. पासपोर्ट उघडून समोर ठेवा आणि अक्षर न्‌ अक्षर त्याच्यावरून भरा. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी फॉर्म भरता येतो.

दुसरं पत्ता. तुमचा पत्ता सोलापूरचा देणार असाल आणि अमेरिकेत राहायचा पत्ता नसेल, तर २०२५ पासून एफएएनं अमेरिकेतला एक ‘एजंट फॉर सर्व्हिस’ नोंदवणं सक्तीचं केलंय. मेडिकल सर्टिफिकेटलाही हा नियम लागू आहे. एजंट म्हणजे काय, तर एफएएची कायदेशीर पत्रं तुमच्या वतीनं घेणारा माणूस. अठरा वर्षं पूर्ण आणि अमेरिकेतला खरा पत्ता, एवढंच लागतं. पैसे घेऊन हे करणाऱ्या कंपन्या आहेत, पण तुमचा भाऊ आहे ना? त्याचंच नाव लावा, फुकटात होईल. फक्त त्यानं घर बदललं तर एफएएला कळवायची आठवण ठेवा.

तिसरं रंगदृष्टी. आपल्याकडं ठिपक्यांत आकडा ओळखायचं पुस्तक दाखवतात, इशिहारा. एफएएनं १ जानेवारी २०२५ पासून पहिल्यांदा येणाऱ्या पायलटांसाठी संगणकावरची चाचणी लावलीय. मान्य चाचण्या मोजक्याच आहेत आणि प्रत्येक एएमईकडं त्याचं यंत्र असतंच असं नाही. मुंबईला फोन कराल तेव्हा फीच्या आधी हे विचारा: ‘रंगाची संगणकावरची चाचणी तुमच्याकडंच होते का?’ नसेल तर डोळ्याच्या दुसऱ्या डॉक्टरकडं धाडतील, त्याची वेगळी फी आणि वेगळा दिवस. रंगात नापास झालात तरी थर्ड क्लास मिळतं, पण त्यावर फक्त दिवसा आणि नजरेच्या भरवशावर उडवायचं बंधन येतं.

चष्म्याची काळजी नको. प्रत्येक डोळ्याला लांबचं आणि जवळचं २०/४० दिसलं पाहिजे, चष्मा लावून चालतं. सर्टिफिकेटवर ‘चष्मा लावूनच उडवावं’ अशी ओळ येते. चाळिशीचा जवळचा नंबर सुरू होतोय का ते आधी तपासून घ्या. लांबचा चष्मा लावून जवळचं वाचता येत नसेल तर ऐनवेळी तिथं कळतं. ऐकू येण्यासाठी पाठ करून उभं करतात आणि सहा फुटांवरून साध्या आवाजात बोलतात.

भाकरतुकडा

आणि बारामतीचं? एफएएचं मेडिकल म्हणजे आंतरराष्ट्रीय मान्यता, आपल्याकडं तर धावतच घ्यायला पाहिजे की.

विमानवेडी

नाही हो, अजिबात नाही. व्हीटी नंबरचं, म्हणजे भारतात नोंदलेलं विमान भारतात भारतीय लायसन्सवर उडवायचं म्हणजे डीजीसीएचंच, आपल्या नागरी विमान वाहतूक खात्याचंच, मेडिकल लागतं. एफएएचा कागद इथं शोभेला. अमेरिकेतलं लायसन्स इथलं करून घेताना डीजीसीएचं क्लास २ नव्यानं करावंच लागतं.

त्याची पद्धतच निराळी. डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर खातं, तिथं तुमची वैद्यकीय फाइल आणि तिचा नंबर, मग डीजीसीएच्या यादीतल्या क्लास २ डॉक्टरकडं तपासणी. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कानाचा ऑडिओग्राम असं बरंच असतं, त्यामुळं डॉक्टरची फी वेगळी आणि लॅबचं बिल वेगळं. हे एकरकमी विचारून घ्यायचं. तपासणारा डॉक्टर सर्टिफिकेट हातात देत नाही, डीजीसीएचं मूल्यांकन म्हणून सीए-३५ निघतं. तोपर्यंत थांबायचं. त्यावर मुदतीची तारीख आणि मर्यादा छापलेल्या असतात, तीच खरी. अमेरिकेसारखं महिनाअखेरपर्यंत ताणायचं नाही.

तुम्ही लगेच इथं उडवणार नसाल तर डीजीसीएचं आता करून ठेवू नका, अमेरिकेत असतानाच त्याची मुदत संपत जाईल. उलट इथंच शिकून पुढं कमर्शियल करायचं असेल तर आधी डीजीसीएचंच करायचं. तुमचा मामला हौसेचा आहे.

चादरवाला

ताई, डोळे उघडले. अजून एक. शाळावाला म्हणाला, ‘बेसिकमेड’ करा, साध्या डॉक्टरकडं होतं आणि चार वर्षं चालतं. मग थर्ड क्लासचा हा सगळा खटाटोप कशाला?

टेक्सासकर

शाळावाल्यानं अर्धंच सांगितलं.

बेसिकमेड १ मे २०१७ पासून आहे. साध्या डॉक्टरची तपासणी ४८ महिन्यांतून एकदा, आणि ऑनलाइन कोर्स २४ महिन्यांतून एकदा, तो फुकट मिळतो. पण त्यात शिरायला एक अट आहे. १४ जुलै २००६ नंतर कधीतरी तुमच्याकडं एफएएचं खरं मेडिकल असलं पाहिजे. तुमच्याकडं आजवर एकही नाही. म्हणजे एकदा थर्ड क्लास काढल्याशिवाय बेसिकमेडचं दार उघडतच नाही.

दुसरी अट अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याचं चालू ड्रायव्हिंग लायसन्स. आरटीओचं चालत नाही, आंतरराष्ट्रीय परमिटही नाही. तिसरी, डॉक्टर अमेरिकेत परवाना असलेला पाहिजे. सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या तुमच्या डॉक्टरांनी कितीही मन लावून तपासलं तरी ते धरत नाहीत. आणि हे अमेरिकेबाहेर मोजक्याच देशांत चालतं.

नोव्हेंबर २०२४ पासून मर्यादा वाढल्यात: विमान १२,५०० पौंडांपर्यंत, पायलट धरून सात जण, १८,००० फुटांपर्यंत, २५० नॉटपर्यंत, भाडं घेऊन नाही. हौशी माणसाला याहून काय पाहिजे? तेव्हा आता एकदा थर्ड क्लास काढा, आणि २०३१ साली ते संपताना अमेरिकेत जाणं-येणं चालू असेल तर तेव्हा बेसिकमेडवर उडी मारा.

पण एक धोका आहे, दक्षिण_कसबा यांनी वर नुसता इशारा केला होता. तुमचं शेवटचं मेडिकल जर नाकारलं गेलं असेल, तर बेसिकमेड बंद. आणि ड्रायव्हिंग लायसन्सच्या भरवशावर हलकी विमानं उडवायची जी स्पोर्ट पायलटची वाट आहे, तीही बंद. एकदाही मेडिकलला न गेलेला माणूस स्पोर्ट पायलट म्हणून उडू शकतो, नापास झालेला नाही. म्हणून शंका असेल तर आधी सल्ला, मग नंबर.

दक्षिण_कसबा

माझा इशारा यासाठीच होता. फेब्रुवारीत घाईघाईत अर्धवट कागद घेऊन जाणं आणि मे महिन्यात पूर्ण तयारीनं डॅलसला करणं, यात मी मे निवडेन. तीन वर्षं कमी मिळाली तर मिळाली.

टेक्सासकर

मान्य, पण कागद इथं तीनच आहेत. बीपीचं पत्र, सोनोग्राफी, खड्याचा जुना पेपर. आठवड्याभराचं काम. १८ मार्चला अजून वेळ आहे. तेवढ्यात जमलं नाही तर डॅलस आहेच. शिवाय मेडिकल पहिल्या धड्यापासून लागत नाही, एकट्यानं सोलो उडवायच्या आधी लागतं. शिक्षकाबरोबरचे तास त्याच्याविनाही होतात. म्हणून शाळावाला ‘इथं या, मग बघू’ म्हणतो. पण डॅलसला जाऊन प्रकरण ओक्लाहोमाला अडकलं तर तासाचं बिल चालू राहतं आणि सोलो होत नाही. भाड्याच्या विमानाच्या आणि शिक्षकाच्या तासापुढं मेडिकलचे दीडशे डॉलर म्हणजे किरकोळ खर्च. म्हणून निकाल घरी बसूनच लागलेला बरा.

दक्षिण_कसबा

या मुद्द्यावर माघार. फक्त सोनोग्राफी हातात आल्यावरच तारीख घ्या.

आणि सेटिरिझिन. ते राहून गेलं. एफएएच्या हिशेबात सेटिरिझिन गुंगी आणणारं औषध आहे. घेतल्यावर ४८ तास विमान चालवायचं नाही. धुळीच्या दिवसांत रोज घेणार असाल तर उडणारच नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून फेक्सोफेनाडीन किंवा लोराटाडीनवर जा, ती चालतात. पहिल्यांदा घेताना मात्र दोन दिवस जमिनीवरच राहून झोप येते का ते बघायचं. सर्दीच्या त्या रंगीत पाकिटातल्या गोळ्यांत बहुतेक क्लोरफेनिरामाइन असतं, त्याला पाच दिवस थांबावं लागतं. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. गोळी फेब्रुवारीच्या आत बदला, म्हणजे फॉर्मच्या सतरा नंबरला सेटिरिझिन लिहावं लागणार नाही. १८-ई ला ॲलर्जीचं ‘होय’ मात्र लिहायचंच.

सर्टिफिकेट पाच वर्षांचं आहे म्हणून पाच वर्षं रोज उडता येतं असंही नाही. मधे बीपीचं औषध बदललं, खडा परत आला, ऑपरेशन झालं, तर कागद चालू असला तरी तुम्ही स्वतःहून जमिनीवर राहायचं. हा सल्ला नाही, नियमच आहे. पुढच्या खेपेला तीच माहिती परत भरताना ‘आधी कळवलं आहे, बदल नाही’ एवढं लिहिलं की भागतं. म्हणून पहिला फॉर्म मन लावून भरा आणि त्याची एक प्रत जपून ठेवा. पाच वर्षांनी २०१६ आणि २०१७ मध्ये गल्लत झाली तरी त्यांना विसंगती दिसते.

विमानवेडी

सर्टिफिकेट हातात आलं की तिथल्या तिथं स्वतःची सही करा, लोक विसरतात. आणि उडताना मूळ कागद जवळ पाहिजे, मोबाइलमधला फोटो चालत नाही. हरवलं तर एफएए दोन डॉलरला दुसरी प्रत देतं. या सगळ्या यादीतलं तेवढंच एक स्वस्त आहे.

चादरवाला

सोनोग्राफी उद्या सकाळी आहे. डॉक्टरांच्या पत्राचा मसुदा टाइप करून ठेवला, ‘स्टेबल’ शब्द दोनदा घातलाय. मुंबईला फोन केला, रंगाचं यंत्र त्यांच्याकडंच आहे. रिपोर्ट आला की तारीख घेतो आणि इथं टाकतो.